गाडीचं नाक

आमच्या गाडीच्या बॉनेटखाली मी जो उद्योग केला तो आगाऊपणा होता, असं आमच्या नात्यात आजही मानलं जातं. लग्नकार्यात जेवणं उरकून बायका निवांत बसल्या की कुणीतरी हमखास तो विषय काढतं, आणि मिऱ्यावरच्या हेमानं बापाच्या नव्याकोऱ्या गाडीला होडीचा पाइप कसा लावला, हे मला माझ्याच तोंडावर ऐकवलं जातं. सांगणारा दर वेळी आपलं काहीतरी घालतो. कुणी म्हणतं गाडी रस्त्यात पेटली, कुणी म्हणतं कंपनीनं कोर्टात खेचलं. यातलं काहीही झालं नव्हतं. म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढते, मग ज्याला आगाऊपणा म्हणायचं त्यानं खुशाल म्हणावं. आता केस पांढरे झालेत, गुडघे कुरकुरतात, आणि लोक काय म्हणतील याचा विचार करायचं वय मागे पडलं. खरं सांगायचं तर ते वय माझ्या वाट्याला कधी आलंच नाही.

आमचं घर मिऱ्याला, समुद्राच्या बंधाऱ्याच्या अलीकडे. उधाण आलं की पाण्याचे तुषार थेट ओटीपर्यंत यायचे आणि दाराच्या कड्या गंजून गळून पडायच्या. बाबा मासेमारीच्या होडीवर इंजिन सांभाळायचे, आई सुकी मासळी विकायची. त्यामुळे घरात इंजिनाचे सुटे भाग आणि मासळी कायम शेजारी शेजारी नांदायची. ओटीवर पंपाचं झाकण उघडून ठेवलेलं असे आणि त्याला लागून सुपात बोंबील. सकाळी पेज आणि चुलीत भाजलेला सुका बांगडा, वर खोबरेल तेलाचा थेंब. तो वास आजही नुसता आठवला तरी मला भूक लागते. पहाटे बंदराकडून होड्या बाहेर पडायला लागल्या की बाबा अंथरुणात पडल्या पडल्या त्यांचा धडधडाट ऐकायचे आणि आईला सांगायचे की अमक्याचं इंजिन कुथतंय, तमक्याचा नोझल गळतोय. आई म्हणायची, स्वतःच्या कंबरेचा आवाज तेवढा ऐकू येत नाही यांना. होडीवर मुलीच्या जातीनं चढायचं नाही अशी आमच्याकडे रीत होती. पण होडीवरचा पंप किंवा फिल्टर उतरवून घरी आणला तर त्याला मुलीनं हात लावू नये, असं कुणी कधी म्हटलेलं नव्हतं. मी त्याचा पुरेपूर फायदा घेतला. कॉलेजात कॉमर्सच्या वर्गात बसायचे ते नावाला, खरं शिक्षण आमच्या ओटीवर रॉकेलच्या डब्यात हात बुडवून चाललं होतं. बाबांनी मला एक गोष्ट घोटून घोटून शिकवली होती. डिझेल संपलं तर इंजिन बंद पडतं, त्यात त्याचं काही वाईट होत नाही. पण हवा कमी पडली तर ते बंद न पडता कुथत राहतं, काळा धूर ओकतं आणि आतून खंगतं.

कंबरेनं अखेर बाबांना होडीवरून उतरवलं. होडीतला आपला वाटा विकून त्यांनी एक डिझेल गाडी घेतली, पिवळ्या पाटीची, पर्यटकांना गणपतीपुळ्याला, पावसला, कधी पार दापोलीपुढच्या मुरुडपर्यंत फिरवायला. आमच्या घरात आलेली ही पहिली नवी वस्तू म्हणायला हरकत नाही. तोवर सगळं कुणाचं तरी वापरलेलं यायचं. बाबांनी तिच्यासमोर नारळ फोडला, गाऱ्हाणं घातलं, आणि मग ते गाडीच्या आत बसून नुसतेच स्टिअरिंगवर हात ठेवून राहिले. मीही त्या वर्षी गाडी शिकले आणि लायसन काढलं. मिऱ्याच्या रस्त्यावर गाडी चालवणारी मुलगी बघायला लोक जाळी विणायची थांबवून उभे राहायचे. बघू देत, मी म्हणायचे, फुकट तर बघतायत.

गाडीबरोबर वॉरंटीचं एक पुस्तक आलं होतं. ते घरात एकट्या मीच वाचलं. बाबांना वाचता येत होतं, पण छापील कागदाचा त्यांना धाक वाटायचा. बंदरावरच्या परवान्याच्या ऑफिसात, बँकेत, कुठेही समोर टेबल आणि टेबलामागे इस्त्रीचा शर्ट दिसला की माझा हा पहाडासारखा बाप, जो वाऱ्यावादळात इंजिन उघडून बसायचा, तो खांदे पाडून उभा राहायचा आणि बोट दाखवतील तिथे सही करून मोकळा व्हायचा. मला त्याचा लहानपणापासून संताप यायचा. कोणाचा संताप, त्यांचा की त्या शर्टवाल्यांचा, हे तेव्हा कळत नव्हतं. आता कळतं. दोघांचाही.

पहिल्याच हिवाळ्यात गाडी दम टाकायला लागली. निवळीच्या घाटात चार प्रवासी घेऊन चढताना मागे काळा पडदा सोडायची. वर्कशॉपवाले दर वेळी एअर फिल्टर बदलून पैसे घ्यायचे आणि थोड्या दिवसांत पुन्हा तेच. मी बॉनेट उघडून बसले आणि कारण सापडायला फार वेळ लागला नाही. कंपनीनं गाडीला हवा घ्यायला जे तोंड दिलं होतं, ते पुढच्या बंपरच्या मागे, हेडलाइटच्या खाली, अगदी जमिनीलगत होतं. पुण्याच्या डांबरी रस्त्यावर ते ठीक असेल. आमच्याकडे चिऱ्यांच्या खाणीतून ट्रक निघतात, त्यांच्या मागे जांभ्याची लाल पूड घोट्याएवढी उडते, आणि आमची गाडी ती पूड नाकानं ओढत त्यांच्या मागून जायची. फिल्टर उपसून मी परसात आपटला तर कुंकवाचा करंडा सांडावा तशी जमीन लाल झाली. बाबांना दाखवलं. ते म्हणाले, कंपनीनं केलंय, त्यांनी काहीतरी विचार केला असेल. मी म्हटलं, केला असेल, पण इकडे येऊन नाही केला.

गाडीचं नाक वर न्यायचं, एवढंच मी ठरवलं. पण त्याआधी वॉरंटीचं पुस्तक पुन्हा वाचलं आणि स्वतःला नियम घालून घेतले. काहीही कापायचं नाही, कुठेही भोक पाडायचं नाही, एकाही वायरीला हात लावायचा नाही. कंपनीचा फिल्टर जिथे आहे तिथेच राहील. कंपनीची नळी काढून घरी गोणपाटात बांधून ठेवायची, म्हणजे वाटेल तेव्हा परत बसवता येईल. नळीच्या जागी मी होडीच्या पंपाला लावतात तो जाड रबरी पाइप वापरला, ज्याच्या अंगात तारेचं वेटोळं असतं आणि कितीही ओढ बसली तरी जो चपटा होत नाही. तो फिल्टरच्या डब्यापासून वर काचेच्या पायथ्याशी नेला, जिथे धूळ पोचत नाही. टोकाला भोकं पाडलेली प्लास्टिकची बरणी आणि तिच्यावर फोमचा मोजा चढवला, म्हणजे मोठी धूळ बाहेरच अडकेल. सगळं मिळून दोन क्लिपांवर उभं होतं. पान्यानं क्लिपा सैल केल्या की पाइप हातात.

फोम कोरडा असून चालत नाही, त्याला चिकट तेल लावावं लागतं, तरच तो धूळ धरतो. कुठलं तेल, हा प्रश्न पडला तेव्हा आई मासळी वळवता वळवता म्हणाली की त्यात विचार कसला करायचा, परसात डबा आहे की. डबा होता मुशीच्या तेलाचा. मुशी म्हणजे लहान शार्क. तिच्या काळजाचं तेल पूर्वी आमच्याकडे होड्यांच्या लाकडाला चोपडत, खाऱ्या पाण्यात लाकूड कुजू नये म्हणून. त्याच्याइतकी चिवट वस्तू मी दुसरी पाहिलेली नाही. हाताला लागलं तर तीन आंघोळींनी जात नाही. मला ते पटलं, बाबांनाही पटलं. त्या ओटीवर बसलेल्या तिघांपैकी एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण आमच्या घराला तो वास येतो हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

पहिला आठवडा मी राणीसारखी मिरवले. गाडी निवळीच्या घाटात तिसऱ्या गिअरमध्ये गुणगुणत चढली. मग मांजरं यायला लागली. गाडी कुठेही उभी केली की कुठून कुठून मांजरं येऊन बॉनेटवर बसायची, काचेच्या पायथ्याशी नाक खुपसायची आणि ओरडायची. पुळ्याला पार्किंगमध्ये आमची गाडी ओळखायला नंबर बघायची गरज उरली नाही. एका पुणेरी कुटुंबानं काचा खाली करून, रुमाल नाकाला लावून बाबांना विचारलं की तुम्ही या गाडीतून मासे वाहता का. बाबांनी घरी येऊन ते खालच्या मानेनं सांगितलं. त्याच सुमारास पीयूसीची मुदत संपली. पेट्रोलपंपाशेजारी धुराचं मशीन घेऊन बसणाऱ्या माणसानं सायलेन्सरमध्ये नळी खुपसली, मला रेस द्यायला सांगितली, आणि आकडा बघून मान हलवली. नापास. वर तो म्हणाला की ताई, आतमध्ये काय तळताय.

मी तिथेच फिल्टरचा डबा उघडला. फोमवरचं तेल इंजिनाच्या ओढीनं आत झिरपत गेलं होतं आणि कंपनीच्या कागदी फिल्टरवर त्याचा डिंक झाला होता. म्हणजे मी गाडीचं नाक वर नेलं आणि आम्ही सगळ्यांनी मिळून तिच्या घशात तेल ओतलं. आई हे ऐकून इतकी हसली की तिला ठसका लागला. बाबा म्हणाले, आता पुरे, जुनी नळी लाव. पण नाक वर नेणं बरोबर होतं, फक्त तेल चुकलं होतं, आणि दोन्ही गोष्टी एकत्र करून टाकून द्यायला मी तयार नव्हते. फोम सोड्याच्या कढत पाण्यात धुतला, उन्हात वाळवला, साधं इंजिन ऑइल चमचा दोन चमचे लावलं, आणि जुन्या लुगड्यात गुंडाळून असा पिळला की बोटाला तेल लागू नये. नवा कागदी फिल्टर बसवला. पुन्हा पीयूसीला गेले. आधी माझा पाइप ठेवून धूर मोजायला लावला, मग पाइप उतरवून कंपनीची नळी चढवली आणि पुन्हा मोजायला लावला. दोन्ही वेळा गाडी पास झाली, आणि माझ्या पाइपवर धूर कणभर कमीच होता. मशीनवाला म्हणाला, सर्टिफिकेट एकच मिळेल. मी म्हटलं, दोन्ही पावत्या द्या, पैसे दोन वेळचे घ्या. माझ्या मुलीची गाडी आता विजेवर चालते. तिला धूर नाही, फिल्टर नाही, नाकच नाही. तिला हे सांगितलं की ती म्हणते, आई, एवढ्याशासाठी एवढं? मी म्हणते, हो, एवढ्याचसाठी.

त्यानंतर वर्षभर गाडी ठणठणीत होती. आणि मग तिसरा गिअर रडायला लागला. आधी नुसता घुमल्यासारखा आवाज, मग चढावर गिअर आपोआप सुटून न्यूट्रलला यायचा. बाबांनी एकदाच गाडी चालवून सांगितलं की बेअरिंग गेलंय, आणि इतक्या लवकर जायचं कारण नाही, जन्मतःच खोट असणार. वॉरंटी चालू होती. आम्ही दोघं गाडी घेऊन मिरजोळ्याच्या एमआयडीसीत कंपनीच्या वर्कशॉपला गेलो. नाताळच्या सुट्ट्या तोंडावर आल्या होत्या, आमच्या धंद्याचे ते खरे दिवस.

वर्कशॉपच्या सुपरवायझरनं गाडी चालवून पाहिली नाही. गिअरचं नाव काढल्यावरही त्यानं आधी बॉनेट उघडलं. त्याला माझा पाइप दिसला. मुशीचं तेल धुऊन वर्ष झालं होतं, पण बरणीच्या भोकांत कुठेतरी त्याचा अंश असावा, कारण त्यानं वाकून हुंगलं आणि मागच्या मुलांकडे बघून हसला. म्हणाला की गाडीत फेरफार केलेत, वॉरंटी संपली. आणि हा वास तुमच्या लोकांच्या गाड्यांना असायचाच. बाबा खाली बघत राहिले.

"वास आमचा आहे," मी म्हटलं. "गिअरबॉक्स तुमचा आहे. तो उघडा."

तो म्हणाला की घरी कोणी मोठं माणूस असेल तर त्याला बोलू दे. मोठं माणूस माझ्या शेजारीच उभं होतं आणि टोपी हातात चुरगाळत होतं. शेवटी ठरलं ते असं, की सोमवारी पुण्याहून कंपनीचे इंजिनिअर येतील, ते बघतील, तोवर गाडी इथेच राहील. आम्ही बसनं घरी आलो. नाताळची तीन बुकिंगं बाबांनी शेजाऱ्याच्या फोनवरून रद्द केली. प्रत्येक फोनवर ते माफी मागत होते. आई चुलीपुढे बसून माझ्याकडे बघत म्हणाली की पाइप नसता तर आज गाडी दारात असती, नाही का. मी म्हटलं, पाइप नसता तर त्यानं दुसरं काहीतरी शोधलं असतं. आई म्हणाली, असेलही, पण आज तरी पाइपच सापडलाय. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. घराचं सगळं त्या गाडीत अडकलेलं होतं, होडीतला वाटा गेला होता, आणि गिअरबॉक्स स्वतःच्या पैशानं बदलायचा तर आईच्या अंगावरचं होतं नव्हतं ते मोडावं लागणार होतं. मला रात्रभर भीती वाटत राहिली, हे कबूल करायला मला आज लाज नाही. पण चूक झाली असं मात्र एकदाही वाटलं नाही.

सोमवारी मी गोणपाटातली कंपनीची नळी, वॉरंटीचं पुस्तक आणि पीयूसीच्या दोन्ही पावत्या पिशवीत घालून बाबांबरोबर गेले. इंजिनिअर साहेब तरुणच होते, शांत, वाईट माणूस नव्हे. त्यांनी गाडी चालवली, तिसरा गिअर सुटलेला पाहिला. मग आम्हाला काचेच्या केबिनमध्ये बसवलं, चहा मागवला, आणि सुपरवायझरनं एक टाइप केलेला कागद बाबांच्या पुढे सरकवला. इंजिनिअर गोड आवाजात म्हणाले की काका, नियमानं आम्हाला काही करता येत नाही, पण तुमची परिस्थिती बघून कंपनी मेहेरबानी म्हणून गिअरबॉक्स बदलून देईल, तुम्ही फक्त इथे सही करा. बाबांच्या चेहऱ्यावर एकदम ऊन पडलं. होय साहेब, फार उपकार झाले साहेब, म्हणत त्यांनी खिशातलं पेन काढलं.

मी कागद उलटा असतानाच वाचायला सुरुवात केली होती. त्यात लिहिलं होतं की मालकानं गाडीत अनधिकृत फेरफार केले आहेत, बिघाड त्यामुळे झाला आहे हे मालकाला मान्य आहे, आणि यापुढे इंजिनाबद्दल किंवा गिअरबॉक्सबद्दल मालक कसलीही मागणी करणार नाही. म्हणजे आज एक भाग फुकट आणि उद्यापासून गाडी बेवारशी. शिवाय खोटं, आणि ते खोटं बाबांच्या हातनं लिहून घेतलेलं. बाबांचं पेन कागदाला टेकलं आणि मी त्यांचं मनगट धरलं. घट्ट धरलं, कारण त्या हातात अजून इंजिन उचलण्याची ताकद होती.

"हेमा, सोड गो," बाबा पुटपुटले. "साहेब देतायत तां घे."

"सही करू नका, बाबा. हे खोटं आहे."

सुपरवायझर म्हणाला की बघा साहेब, मी सांगितलं नव्हतं का. इंजिनिअर मात्र मला विचारायला लागले की यात खोटं काय आहे, पाइप तू लावलास की नाही. मी म्हटलं लावला. चला बाहेर, काय लावलाय ते दाखवते. सगळे गाडीपाशी आले. मी पान्यानं क्लिपा सैल केल्या, पाइप काढून जमिनीवर ठेवला, गोणपाटातनं त्यांची नळी काढून बसवली. चहा निवायच्या आत झालं. मग त्यांना म्हटलं की शोधा, कुठे कापलंय, कुठे भोक पाडलंय. त्यांनी खरंच शोधलं, टॉर्च घेऊन, वाकून. पावत्या बघितल्या. पावसात वर पाणी जाणार नाही का, असं विचारलं. तो प्रश्न रास्त होता, मी बरणीला खालच्या अंगाला पाणी गळून जायला ठेवलेली वाट दाखवली. पण केबिनमध्ये परत आल्यावर तोच कागद टेबलावर होता, आणि ते म्हणाले की तरीही फेरफार तो फेरफारच.

"ठीक आहे," मी म्हटलं. "मग तुम्ही लिहून द्या. इंजिनाच्या हवेच्या पाइपमुळे गिअरबॉक्सचं बेअरिंग गेलं, एवढं एक वाक्य लिहा, आणि खाली तुमची सही करा. माझ्या बाबांची नको, तुमची. ते मिळालं की आम्ही गाडी ढकलत घेऊन जातो."

सुपरवायझर म्हणाला की आम्ही असं लिहून देत नसतो. मी म्हटलं, बाबांकडून तर लिहून घेत होतात. इंजिनिअरनी कागद स्वतःकडे ओढला, पुन्हा वाचला, पेन उघडलं आणि बंद केलं. हवा इंजिनात जाते, गिअरबॉक्समध्ये तेल असतं आणि दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, हे त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक होतं. पाइपमुळे बेअरिंग गेलं, हे न लिहिता हजार वेळा म्हणता येत होतं. लिहून खाली नाव घालायचं तर जमत नव्हतं. त्यांनी सुपरवायझरला हळू आवाजात गिअरबॉक्स उतरवायला सांगितला.

दुपारी बेअरिंग निघालं. त्याच्या आतल्या कडीला जुनी भेग होती, काळी पडलेली. इंजिनिअरनी ती बोटानं चाचपली आणि नेहमीच्या वॉरंटीत काम करून द्या असं लिहिलं. मेहेरबानीचा कागद ते फाडायला लागले, तेव्हा मी तो त्यांच्याकडून मागून घेतला आणि स्वतः फाडला. निघताना ते मला म्हणाले की पुढच्या वेळी सर्व्हिसिंगला आणशील तेव्हा पाइप काढून आणत जा, उगाच वाद नको. चांगल्या मनानं म्हणाले. मी म्हटलं, नाही काढणार. आणि गाडी मिळाली त्या दिवशी त्यांच्या फाटकाच्या आत, सुपरवायझरच्या डोळ्यांदेखत, बॉनेट उघडून मी तो पाइप परत बसवला. त्यानंतर वॉरंटी संपेपर्यंत ती गाडी त्या पाइपसकट तिथे जात राहिली आणि कुणी हुंगायला वाकलं नाही.

घरी जिंकून आल्यासारखं काही झालं नाही. बाबांनी गाडी चालवली, तिसरा गिअर लोण्यासारखा पडत होता, आणि ते नजर रस्त्यावरून हलवत नव्हते. आईनं कुळथाची पिठी केली होती, भात वाढला. बाबा पहिला घास हातात धरून माझ्याकडे न बघता म्हणाले, "चार माणसांत माझा हात धरलास तू."

मी म्हटलं, धरला, आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा धरीन. आई म्हणाली, गप जेवा दोघं. बाबा जेवून उठले आणि त्यानंतर कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत. गाडीची किल्ली हवी असेल तर खुंटीवरून घ्यायची, काही सांगायचं असेल तर आईला सांगायचं. मला त्यांचा राग समजत होता. ज्या टेबलापुढे ते जन्मभर मान खाली घालून उभे राहिले, तिथे त्यांच्या पोरीनं मान वर केली, म्हणजे मान वर करता येत होती, हे त्यांना सगळ्यांसमोर कळलं. माझी मुलगी विचारते की तुला वाईट नाही का वाटलं. बाबांचं वाटलं, खूप वाटलं, मागच्या दारी जाऊन रडलेही. हात धरल्याचं नाही वाटलं. आजही वाटत नाही.

मग एक दिवस गाडीच्या इन्शुरन्सचं नूतनीकरण करायला एक माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, काखेत बॅग. ओटीवर खुर्चीत बसून त्यानं कागदांचा गठ्ठा बाबांपुढे धरला आणि जिथे जिथे सही हवी तिथे पेन्सिलीच्या खुणा दाखवल्या. मी मागच्या दारी बांगडे साफ करत होते, सगळं ऐकू येत होतं. तो म्हणाला, काका, लवकर करा, मला पुढे बंदरावर जायचंय, फक्त सह्या तर करायच्यात. मला वाटलं, करतायत.

"हेमा," बाबांनी हाक मारली. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा. "हात धू नि ये हितं. ह्या वाच आधी."

तो माणूस म्हणाला की त्यात वाचण्यासारखं काही नाही, सगळीकडे असंच असतं. मी ओल्या हातांनी ओटीवर आले तेव्हा बाबांनी पेन टोपण लावून खिशाला अडकवलं होतं आणि ते ताठ बसले होते.

"थांबा जरा," ते त्याला म्हणाले. "पोर वाचतेय."

मी पदराला हात पुसले, पाट ओढून त्यांच्या शेजारी बसले, आणि पहिल्या ओळीपासून सावकाश वाचायला घेतलं.